तांबड्या मातीची फिर्याद

कोकणातील सड्यांलगतच्या पायवाटांवरून, आंबोलीच्या परिसरातील आडवाटांवरून किंवा पाचगणीच्या पठाराखालच्या कच्च्या रस्त्यांवरून पावसाळ्यात मोटारसायकल हाकून परतलेल्या तरुणांची एक फिर्याद गॅरेजवाल्यांच्या कानी नित्य पडत असते: गाडी दोनदा धुतली, साबण लावला, पाण्याचा जोरदार फवारा मारला, तरी पांढऱ्या मडगार्डावरचा तांबूस डाग काही हटत नाही. 2016 साली ‘हिमालयन’ आणि 2019 साली ‘एक्सपल्स 200’ बाजारात आल्यानंतर आडरानात चालण्याजोग्या गाड्या शर्यतपटूंच्या मुलखातून निघून सामान्य नोकरदारांच्या अंगणात आल्या, आणि त्यांच्याबरोबर ही फिर्यादही घरोघर पोहोचली. चिखलासाठीच घडवलेल्या गाडीवर चिखलाचे डाग राहिले तर बिघडले कुठे, असे म्हणणारा एक पंथ आहे आणि डागांनाच पदके मानणारा त्याचा एक उपपंथही आहे. त्यांच्या श्रद्धेत ढवळाढवळ करण्याचे कारण नाही. तथापि चिखल ओलावा धरून ठेवतो, त्या ओलाव्याने पोलाद गंजते, आणि इंजिनाच्या व रेडिएटरच्या पाकळ्यांत त्याचा थर साचला म्हणजे उष्णतेला बाहेर पडण्याची वाट उरत नाही. सबब या प्रश्नाचा विचार निव्वळ सौंदर्यदृष्टीने करून भागत नाही.

डाग काढण्यापूर्वी माती ओळखावी. उष्ण आणि अतिवृष्टीच्या प्रदेशात खडकाची झीज होता होता त्यातील सिलिका आणि विद्राव्य क्षार पाण्याबरोबर निघून जातात व लोहाची आणि ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहतात; त्यांपासून जांभा घडतो. फ्रान्सिस बुकानन याने 1807 साली मलबारातील अंगाडिपुरम येथील ज्या दगडाचे वर्णन केले, तोच हा. त्याच्या मातीत चिकणमातीच्या चपट्या कणांचा, म्हणजे दोन मायक्रॉनांहूनही लहान पापुद्र्यांचा, भरणा असतो आणि त्यांच्या अंगाला त्याहूनही सूक्ष्म असे लोहभस्माचे कण चिकटलेले असतात. हे लोहभस्म पाण्यात विरघळत नाही, साबणातही विरघळत नाही. चिखल वाळू लागला, की आटत्या पाण्याच्या पृष्ठताणाने हे पापुद्रे एकमेकांवर आणि गाडीच्या पृष्ठभागावर ओढले जाऊन घट्ट बसतात. देशावरच्या काळ्या मातीचा स्वभाव अगदी वेगळा. ती आपल्या थरांच्या आत पाणी घेऊन फुगते, चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये ठासून बसते, प्रसंगी चाक फिरूही देत नाही. पण वाळली की आकसते, भेगाळते आणि बरीचशी आपणहून ढलप्यांनी गळून पडते. काळी माती प्रवासात छळते, तांबडी माती घरी आल्यावर.

या गाड्यांचे मडगार्ड आणि बाजूचे पत्रे (पत्रे म्हणायचे ते सवयीने) बहुधा पॉलिप्रोपिलीनचे असतात. या प्लॅस्टिकला मुळात काहीच नीट चिकटत नाही. त्यावर स्टिकर टिकवताना मालकांच्या नाकी नऊ येतात ते उगाच नव्हे. मग मातीच तेवढी कशी चिकटते? उत्तर असे की ती पृष्ठभागाला चिकटलेली नसतेच. बुटांच्या घासणीने, फांद्यांच्या ओरखड्यांनी आणि उन्हाने खडबडीत झालेल्या कातडीतील सूक्ष्म चरांमध्ये ती जाऊन बसलेली असते. म्हणूनच कोरड्या फडक्याने जोर लावून पुसणारा माणूस मातीतील वाळूने नवे चर पाडतो आणि पुढच्या डागांची सोय स्वहस्ते करून ठेवतो.

पहिला उपाय पाण्याचा आणि सबुरीचा. इंजिन निवल्यावर सायलेन्सरचे तोंड आणि हवा आत घेण्याची वाट बंद करून गाडी हलक्या धारेने पुरती भिजवावी, काही वेळ तशीच ओली ठेवावी, पुन्हा भिजवावी, आणि मगच मऊ ब्रश हाती घ्यावा. वॉशिंग सेंटरवरच्या उच्च दाबाच्या फवाऱ्याविषयी लोकांना जो विश्वास वाटतो, तो मला अनाठायी वाटतो. तो फवारा जवळून मारला म्हणजे चाकांच्या आणि स्विंगआर्मच्या बेअरिंगांवरील सील ओलांडून चिखलाचे पाणी ग्रीसमध्ये शिरते, रेडिएटरच्या नाजूक पाकळ्या वाकतात, विजेच्या जोडण्यांत ओल जाते. आणि ज्या चरांतील मातीसाठी हा खटाटोप केला, ती माती बहुतांशी तिथेच राहते.

साबणाच्या वडीपेक्षा शाम्पू बरा; कारण विहिरीच्या जड पाण्यात साबणाचा साका होतो आणि तो मातीला सोडवण्याऐवजी बांधून ठेवतो. मृदापरीक्षणाच्या प्रयोगशाळेत चिकणमातीचे कण एकमेकांपासून विलग करण्यासाठी सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट वापरतात. त्याच्यामुळे कणांवरील ऋण विद्युत्भार वाढून ते परस्परांना दूर लोटू लागतात. पाणी मृदू करण्यासाठीही हेच द्रव्य उपयोगी पडते. गाडी धुण्याच्या पाण्यात ते अल्प प्रमाणात मिसळण्यास हरकत नाही.

एवढे करूनही जो तांबूसपणा उरतो, तो लोहभस्माचा असतो आणि त्याला आम्लाची गरज लागते. चिंच किंवा लिंबू लावून भांडी लख्ख करणाऱ्या गृहिणीला हे तत्त्व ठाऊकच आहे. किराणा दुकानातील लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून फडक्याने डागावर काही मिनिटे धरले, तर ते लोहाला आपल्याकडे ओढून विद्राव्य करते. ऑक्झॅलिक आम्ल हेच काम अधिक जोमाने करते. परंतु ते विषारी आहे, तेव्हा हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि मुलांपासून दूर ठेवण्याचा कडक बंदोबस्त यांवाचून त्याला हात लावू नये. कोणतेही आम्ल चेनवर आणि ब्रेकच्या भागांवर जाऊ देऊ नये व शेवटी भरपूर पाण्याने ते धुऊन काढावे.

संडास धुण्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल मात्र पूर्णपणे नामंजूर. ते डाग काढते हे खरे, पण त्याबरोबर ॲल्युमिनियमही खाते. कॉस्टिक सोड्याचेही तेच. कपड्यांचे ब्लीच तर येथे निरुपयोगीच ठरते, कारण लोहभस्माचा रंग खनिजाचा असतो, ब्लीचने उडणारा नसतो; आणि ब्लीच व आम्ल एकत्र आले तर क्लोरीन हा घातक वायू निघतो, ही ताकीद कितीही वेळा दिली तरी कमीच.

बेंड पाइपवर भाजलेल्या चिखलाची कथा निराळी. जांभ्याच्या मातीतील पिवळसर खनिज सुमारे तीनशे अंश सेल्सिअसला पाणी सोडून लाल होते आणि पाचशेच्या आसपास चिकणमातीच्या कणांतील बद्ध पाणीही निघून जाते. त्यानंतर विटेप्रमाणे ती पुन्हा कालवून चिखल होत नाही. तेथे भिजवण्यात अर्थ नाही. बारीक पोलादी लोकर आणि मनगटाचा जोर एवढाच मार्ग. क्रोमचा मुलामा असेल तर तोही सांभाळून. असला चिखल ओला असतानाच वाटेतल्या पाण्याने धुवावासा वाटतो, पण तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतणे धोक्याचे, आणि ओढ्यात उभे राहून तेलकट गाडी धुणे शिष्टाचाराविरुद्ध.

धुणे आटोपल्यावर चेन पुसून तिला वंगण द्यावे. चेनच्या सफाईला रॉकेल चालते. पेट्रोलने रबरी कड्यांची हानी होते. नंतर सावकाश फेरी मारून ब्रेक वाळवावेत. मडगार्डाच्या खालच्या बाजूस सिलिकॉनचा फवारा दिला तर पुढच्या वेळी माती कमी धरते. मात्र तो डिस्क, टायर आणि आसनावर उडता कामा नये.

जुनी गाडी विकत घेणारा जाणकार मिस्त्री चकाकत्या मडगार्डांकडे फारसे पाहत नाही. आसन काढतो, एअर फिल्टर उचलतो आणि फिल्टरपलीकडच्या, इंजिनाच्या बाजूच्या नळीतून बोट फिरवतो. त्या बोटाला तांबडी धूळ लागली, तर ती माती इंजिनाने श्वासाबरोबर आत ओढलेली असते आणि पिस्टनच्या रिंगा तिने झिजवलेल्या असण्याचा संभव असतो. त्या झिजेवर लिंबूसत्त्व चालत नाही, किमतीची घासाघीस तेवढी चालते.