कडक डेटा-कायद्याची किंमत

युरोपीय संघाचा ‘जीडीपीआर’ हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू झाला. नाव-पत्त्याबरोबरच आयपी पत्ता आणि मोबाइलचे ठिकाणही त्याने वैयक्तिक माहितीत धरले. कंपनीकडे आपली कोणती माहिती आहे हे विचारण्याचा, चुकीची दुरुस्त करून घेण्याचा आणि ठरावीक परिस्थितीत ती पुसायला लावण्याचा हक्क नागरिकांना मिळाला. दंडाची कमाल मर्यादा दोन कोटी युरो किंवा जगभरातील वार्षिक उलाढालीच्या ४ टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी असेल ती. युरोपीयांची माहिती पुरेशा संरक्षणाविना अमेरिकेत पाठवल्याबद्दल मे २०२३ मध्ये आयर्लंडच्या नियामकाने मेटा कंपनीला १२० कोटी युरोंचा दंड ठोठावला. एवढा धाक नसता, तर बड्या कंपन्यांनी हा विषय गंभीरपणे घेतलाच नसता.

कायद्याचा भार मात्र सगळ्यांना सारखा झेपत नाही. मोठ्या कंपनीकडे वकिलांची फौज असते; दहा माणसांच्या उद्योगाला तेच नियम समजून घेण्यासाठी बाहेरून सल्ला विकत घ्यावा लागतो. कायदा लागू होताच ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ आणि ‘शिकागो ट्रिब्यून’ यांनी युरोपातील वाचकांना आपली संकेतस्थळे बंदच करून टाकली. त्या वाचकांची माहिती सुरक्षित राहिली, बातम्या मात्र हातच्या गेल्या.

सर्वांत मोठी अडचण संमतीची आहे. कुकींबाबतचे नियम युरोपात आधीपासून होते. नव्या कायद्याने संमतीची कसोटी कडक केली. आधीच खूण केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असे युरोपीय न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. तरी पळवाट निघालीच. ‘सर्व स्वीकारा’ हे ठळक बटण समोर, आणि नकार द्यायचा तर आधी ‘सेटिंग्ज’मध्ये शिरायचे, एकेक पर्याय बंद करायचा, मग निवड जतन करायची. याच कारणावरून फ्रान्सच्या नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला. पण बातमी वाचायला आलेला माणूस दिवसातून किती वेळा विचारपूर्वक होकार-नकार देणार? काही प्रकारची पाळत सरळ बेकायदा ठरवणे अधिक प्रामाणिक ठरले असते. संमतीवर भिस्त ठेवल्याने कंपनीची जबाबदारी वापरकर्त्याच्या बोटावर आली.

गोपनीयता आणि जाणून घेण्याचा हक्क यांतही ओढाताण आहे. जुन्या कर्जापायी झालेल्या लिलावाची १९९८ मधील वृत्तपत्रीय जाहिरात आपल्या नावाच्या शोधात दिसू नये, ही एका स्पॅनिश नागरिकाची मागणी न्यायालयाने २०१४ मध्ये मान्य केली. मूळ पान वृत्तपत्राच्या संग्रहात राहिले, फक्त गूगलच्या निकालांतून दुवा निघाला. सामान्य माणसासाठी हा तोडगा न्याय्य आहे. निवडणूक लढवणाऱ्यासाठी तो तितका सहज मान्य करता येत नाही.

भारतात हाच प्रश्न वेगळ्या वाटेने आला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्ये बदल केला. वैयक्तिक माहिती नाकारण्यासाठी, तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्यास खासगीपणावर विनाकारण आक्रमण होईल, हे पूर्वी पाहावे लागे. नव्या शब्दरचनेत माहिती वैयक्तिक असणे एवढेच पुरते. व्यापक जनहितासाठी ती देण्याची सोय त्याच कलमात कायम आहे, पण ते जनहित पटवून देण्याचे ओझे आता व्यवहारात अर्जदारावर येते.