बल आणि न्याय

राष्ट्रांच्या परस्परव्यवहारांत बलाचें स्थान काय, हें मेलॉस या लहानशा ग्रीक बेटाच्या कथेवरून कळतें. इ. स. पू. ४१६ मध्यें अथेन्सनें ३८ जहाजें पाठवून या तटस्थ बेटाकडे शरणागति व खंडणी मागितली. न्यायाचा विचार समबलांतच संभवतो, असा त्यांच्या वकिलांचा युक्तिवाद थ्युसिडिडीज या इतिहासकारानें नमूद केला आहे. त्यांस भयहि होतें: मेलॉस मोकळें राहिल्यास अंकित राज्यें अथेन्सला दुर्बल समजतील. मेलॉसनें स्पार्टाच्या साह्यावर भिस्त ठेविली. तें आलें नाहीं. पुरुषांचा वध झाला; बायकामुलें गुलाम झालीं.

परंतु बल एके ठायीं स्थिरावत नाहीं. इ. स. पू. ४०५ मध्यें स्पार्टानें अथेन्सचें बहुतेक आरमार काबीज केलें, तेव्हां मेलॉसचीच गत आपली होणार, या धास्तीनें अथेन्सनें ती रात्र जागून काढिली. वाचकहो, दुर्बलास नाकारिलेल्या न्यायाची गरज बलवानासहि एके दिवशीं भासते.