ऑडिओ इंटरफेस निवडताना

घरी गाणे ध्वनिमुद्रित करायचे असेल, तर चांगला मायक्रोफोन आणि संगणक यांच्यामध्ये एक छोटी पेटी लागते. तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. या पेट्यांवर '२४ बिट', '१९२ किलोहर्ट्झ' असे आकडे ठळक छापलेले असतात. या आकड्यांसाठी जास्त पैसे मोजावेत का? आमच्या मते बहुधा नाही. असे का, हे कळण्यासाठी पेटीत काय घडते ते पाहू.

मायक्रोफोन हवेच्या दाबातील बदलांचे विद्युतदाबात रूपांतर करतो. संगणकाला मात्र अंकच समजतात. म्हणून इंटरफेस हा विद्युतदाब सेकंदाला हजारो वेळा मोजतो. किती वेळा मोजावा? टिपायच्या ध्वनीत जी सर्वांत मोठी वारंवारिता असेल, तिच्या दुपटीहून अधिक वेळा. माणसाला जास्तीत जास्त सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो, म्हणून कॉम्पॅक्ट डिस्कसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने पुरेसे ठरले. १,९२,००० नमुने घेतले तर ९६,००० हर्ट्झपर्यंत मजल जाते. वटवाघळांचा अभ्यास करणाऱ्याला त्याचा उपयोग आहे, गाणाऱ्याला नाही.

बिट म्हणजे मोजपट्टीवरील खुणा किती बारीक, याचे माप. १६ बिटांत ६५,५३६ पायऱ्या होतात. एक बिट वाढला की पल्ला सुमारे ६ डेसिबलने वाढतो. म्हणजे १६ बिटांत ९६, तर २४ बिटांत १४४ डेसिबल. पण हा झाला हिशेब. प्रत्यक्षात मंडलातील इलेक्ट्रॉनांच्या उष्णताजन्य हालचालीमुळे जी खरखर उत्पन्न होते, तीत शेवटचे काही बिट बुडून जातात. शिवाय शांत खोलीतही ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतोच. पंखा लावला की तो आणखी वाढतो. गायिकेचा आवाज मायक्रोफोनपाशी ८०-९० डेसिबल धरला, तर उपयोगाचा पल्ला उरतो ५०-६० डेसिबल. तेव्हा महागड्या पेटीआधी पंखा बंद करावा, हे उत्तम!

तरीही २४ बिट घ्यावेत, कारण ते आता स्वस्त यंत्रांतही मिळतात. त्यामुळे मुद्रणाची पातळी थोडी खाली ठेवता येते आणि तारसप्तकात आवाज एकदम चढला तरी लहरींची शिखरे कापली जात नाहीत.

खरा फरक पडतो तो पूर्वप्रवर्धकामुळे. साध्या डायनॅमिक मायक्रोफोनमधून व्होल्टच्या एक-दोन हजारांश एवढाच विद्युतदाब मिळतो. तो सुमारे हजारपट, म्हणजे ६० डेसिबलने, वाढवावा लागतो. त्याबरोबर प्रवर्धकाच्या आदानाशी असलेली खरखरही हजारपट होते. माहितीपत्रकात 'ई. आय. एन.' या नावाने हिचे माप दिलेले असते. उणे १२० पेक्षा उणे १२८ चांगले. दुकानात मायक्रोफोन जोडून, गेनची कळ पुरती फिरवून, हेडफोनवर शांतता ऐकावी. ही चाचणी कोणीही करू शकतो. कंडेन्सर मायक्रोफोन वापरणार असाल तर पेटीत ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा आहे ना, हे आवर्जून पाहावे.

दुसरी बाब विलंबाची. संगणक नमुने एकेक न घेता गठ्ठ्याने घेतो. १,०२४ नमुन्यांचा गठ्ठा ४४,१०० च्या गतीने भरायला २३ मिलिसेकंद लागतात. आत येताना एक आणि बाहेर जाताना एक, मिळून ४६. तेवढ्या वेळात हवेतील ध्वनी सुमारे १६ मीटर जातो. म्हणजे गायिकेला स्वतःचाच आवाज १६ मीटर दूरच्या कर्ण्यातून आल्यासारखा ऐकू येतो. मग लय कशी टिकणार? १२८ नमुन्यांच्या गठ्ठ्याने हे अंतर २ मीटरवर येते, पण त्यासाठी उत्पादकाचे ड्रायव्हर चांगले हवे. आपल्या संगणकावर ते चालते का, हे विकत घेण्यापूर्वीच विचारावे. पेटी धडधाकट असूनही नव्या संगणकासाठी ड्रायव्हर नाही, म्हणून ती निरुपयोगी ठरू शकते. आवाज संगणकाला वळसा घालून थेट हेडफोनमध्ये सोडण्याची सोय असेल, तर विलंबाचा प्रश्न बराचसा सुटतो.

जोडणी अधिक वेगवान असल्याचीही जाहिरात होते. दोन वाहिन्या, २४ बिट आणि ९६,००० नमुने यांचा गुणाकार सेकंदाला सुमारे ४६ लाख बिट येतो, यूएसबी २.० ची क्षमता ४८ कोटींची आहे.

राहिली वाहिन्यांची संख्या. एकट्या गायनाला एक पुरते, गायन आणि हार्मोनियम यांना दोन. तबल्याच्या दोन्ही अंगांना वेगळे मायक्रोफोन लावायचे असतील, तर मायक्रोफोनच्या चार आदानांची पेटी पाहावी.