उत्तरेकडचे ऊन

माणसाने परदेशी जावे ते एकतर शिकायला, नाहीतर पैसे मिळवायला, अशी आमच्या घराण्याची पिढीजात समजूत. त्यामुळे २०२३ सालच्या जूनमध्ये मी महाविद्यालयातून बिनपगारी रजा घेऊन चार महिन्यांसाठी मॉरिशसला निघालो, आणि तेही फुकट शिकवायला, हे कळताच घरात सन्नाटा पसरला. शेवटी सौभाग्यवतींनी तोंड उघडले. "म्हणजे पदरचे पैसे खर्चून तिथल्या लोकांना छळणार, असंच ना?" वीस वर्षे ती माझी व्याख्याने ऐकत आली आहे. तेव्हा तिचा अभिप्राय अगदीच बिनबुडाचा म्हणता येणार नाही.

मॉरिशसच्या मधल्या पठारावर वाक्वा नावाचे टुमदार शहर आहे. तिथल्या मराठी मंडळींना मुलांच्या सायंकाळच्या वर्गासाठी एक स्वयंसेवक हवा होता. राहायला एका कुटुंबातली खोली, दोन वेळचे जेवण आणि 'गुरुजी' ही पदवी, एवढा मोबदला ठरला. मराठीचा एम. ए., वर अध्यापनाचा दीर्घ अनुभव! मला वाटले, चार महिन्यांत निम्म्या बेटाची भाषा सुधारून टाकू.

सुधारणेला प्रारंभ झाला तो माझ्यापासून. मॉरिशस म्हणजे निळा समुद्र, माड आणि ऊन, या कल्पनेने मी पेटीत नुसते सुती सदरे भरले होते. तिथे जून-जुलै म्हणजे हिवाळा, आणि पठारावर सदा भुरभुर पाऊस. दुसऱ्याच दिवशी यजमानांचा स्वेटर माझ्या अंगात चढला. तो इतका ऐसपैस होता की, वर्गातल्या दोन पोरांना त्यात आसरा मिळाला असता.

मग कपड्यांचे प्रकरण. मी सदरे धुतले आणि घराच्या दक्षिणेच्या अंगाला दोरीवर घातले. थंडीतले ऊन दक्षिणेकडून येते, हे रत्नागिरीच्या अंगणात लहानपणापासून पाहिलेले. दोन दिवस झाले तरी सदरे ओलेच. यजमानीण वहिनी बिचाऱ्या मोजकेच मराठी बोलत. त्या हसू दाबत म्हणाल्या, "गुरुजी, ऊन तिथं नाय. ऊन इथं!" आणि त्यांनी सगळे कपडे उत्तरेला नेऊन टाकले. विषुववृत्ताच्या इतक्या दक्षिणेला हिवाळ्यात दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो, हे मी शाळेत गुण मिळवण्यापुरते पाठ केले होते. ते खरेही असते, हे ओल्या सदऱ्याने शिकवले.

रस्त्यावर ढोल पुरी मिळते. हरभऱ्याच्या डाळीचे पुरण घातलेली, पण तिखट रश्श्याबरोबर खायची मऊ पोळी. मी नव्याने शिकलेला आकडा मोठ्या रुबाबात उच्चारला, "दे!" म्हणजे दोन. हातात चार आल्या. तिथे ती जोडीनेच विकतात. पैसे द्यायला नोट काढली, तर तिच्यावर इंग्रजी व तमिळबरोबर चक्क देवनागरी अक्षरे! परक्या मुलुखात आपली लिपी भेटल्यावर मला इतके भरून आले की, चारही पोळ्या तिथेच उभ्याने संपवल्या.

भाषांचा तर तिथे बाजारच. १७१५ पासून फ्रेंचांचे राज्य, १८१० पासून इंग्रजांचे, आणि १२ मार्च १९६८ ला स्वातंत्र्य. त्यामुळे कचेरीत इंग्रजी, वर्तमानपत्रात फ्रेंच, घरात आणि बाजारात फ्रेंचपासून घडलेली क्रेओल, आणि मराठी उरली ती बहुशः देव्हाऱ्यापाशी. माझ्या वर्गातली सतरा मुले आपसात क्रेओलच बोलत. पहिल्या दिवशी मी 'मराठी भाषेची थोरवी' या विषयावर चाळीस मिनिटे बोललो. शेवटी एका चुणचुणीत मुलीने हात वर केला. "गुरुजी, थोरवी म्हणजे काय?"

मुले वर्गाला येत, ती माझ्यासाठी नव्हेच. ती येत आजासाठी. हे ऐंशीच्या घरातले गृहस्थ. सगळे त्यांना 'आजा' म्हणत. हयात उसाच्या मळ्यात गेलेली. वर्ग संपला की ते ढोलकी घेऊन बसत आणि मुलांना झाकरी शिकवीत. आपल्या रत्नागिरीकडच्या जाखडीचीच ही बहीण. गणेशोत्सवात तिथे घरोघर झाकरी रंगते, आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टीही असते.

एके सायंकाळी आजा मुलांना सांगत होते, "माझा बापूस मळ्यात होता. तो ही झाकरी गायचा." माझ्यातला परीक्षक खडबडून जागा झाला. मी म्हणालो, "आजा, बापूस नव्हे, वडील. आणि 'होता' नव्हे, 'होते'. मुलांसमोर शुद्ध बोललं पाहिजे."

आजा काही बोलले नाहीत. त्यांनी ढोलकी कापडात गुंडाळली. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. आठवडाभरात सतरा मुलांची सहा झाली. यजमान भिडस्त माणूस. "थंडी फार आहे, गुरुजी," एवढेच ते म्हणत. थंडीचा दोष नाही, हे दोघांनाही ठाऊक होते.

त्या रविवारी ते मला पोर्ट लुईला आप्रवासी घाट दाखवायला घेऊन गेले. १८३५ मध्ये तिथली गुलामगिरी बंद झाली. मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे होते, म्हणून १८३४ पासूनच हिंदुस्थानातून करारावर माणसे आणली जात होती. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून सुमारे साडेचार लाख लोक त्या बेटावर उतरले. मुंबईहून निघालेल्यांत कोकणातली माणसे पुष्कळ. या घाटाला २००६ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. पाहायला गेले तर काळ्या दगडाच्या थोड्या पायऱ्या आणि काही जुन्या भिंती.

त्या पायऱ्यांशी उभा असताना मला माझी आजी आठवली. रत्नागिरीजवळच्या खेड्यातली, निरक्षर. ती आपल्या वडिलांना 'बापूस'च म्हणे. मीही म्हणत असे. पुढे पुण्याच्या वसतिगृहात मुले हसली, तेव्हा मी तो शब्द सोडला. ज्यांनी या पायऱ्या चढून मळ्याची वाट धरली, त्यांनी बरोबर आणलेला शब्द इतक्या वर्षांनी माझ्यासमोर आला होता. आणि मी त्याला ओळख दाखवण्याऐवजी लाल शाईची रेघ मारली होती.

संध्याकाळी परतल्यावर आजांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, हवापाण्याची चौकशी केली. मी चाचरत म्हणालो, "आजा, माझं चुकलं. माझी आजीदेखील बापूसच म्हणायची."

ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मग गुरुजी, तुमी आमाला चूक कशाला म्हणालात?"

इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला इतका अवघड प्रश्न विचारलेला नाही. मी खरे ते सांगितले. "पुण्यात मला लोक हसले होते." आजा हसले नाहीत. "इथं पन तसंच," एवढेच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मी वर्गाची रीत बदलली. पहिला अर्धा तास मुलांनी मला क्रेओल शिकवायची. 'मो पा कोने', म्हणजे 'मला ठाऊक नाही', हे वाक्य मी सर्वांत आधी शिकलो आणि सर्वांत जास्त वापरले. माझे उच्चार ऐकून पोरे गडाबडा लोळत, आणि हसून झाले की मराठी चुकायला ती घाबरेनाशी झाली. शेवटी आजांची झाकरी. ते सांगत, मुले म्हणत, मी उतरून घेत असे. एखादे अक्षर सुधारायला हात शिवशिवला, तर दुसऱ्या हाताने धरून ठेवी. गणपती आले तोवर वर्गात एकोणीस मुले होती.

इथे गोष्ट गोड झाली असे वाटेल. पण वाचकहो, एक राहिलेच. त्यानंतर आजा माझ्याशी मोकळेपणाने बोलले, निघताना मिठीही मारली. मात्र वडिलांचा विषय निघाला की क्षणभर थांबत आणि जपून म्हणत, "माझे वडील." मी 'बापूस' म्हटले, तरी ते 'वडील'च म्हणत. माझ्यासमोर तो शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा कधी आला नाही.

परदेशी सेवा करायला निघालेले तरुण हल्ली सल्ला विचारायला येतात. मी त्यांना सांगतो, स्वेटर न्या, आकडे नीट शिका, आणि पहिला महिनाभर कुणाचे काही सुधारू नका. कपडे कुठे वाळत घालायचे, हेही तिथल्या माणसाला विचारा.