नीरा बाटलीत का कोंडू नये?

थंडी पडली की सुरतेत पहाटे नीरा मिळू लागते. गावाकडच्या नातेवाइकांसाठी ती बाटलीत भरून, घट्ट झाकण लावून नेण्याचा मोह होतो. तो टाळावा. हिशोब साधा आहे.

परदेशात घरी बिअर करणारे बाटली बंद करताना लिटरमागे सुमारे ६ ते ७ ग्रॅम साखर घालतात. बिअरमधले यीस्ट ती खाते, साखरेच्या जवळपास निम्म्या वजनाचा कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि फेस येतो. साखर जास्त पडली तर काचेची बाटली फुटूही शकते.

नीरेत मुळातच लिटरमागे सुमारे १०० ग्रॅम साखर असते, म्हणजे जवळजवळ पंधरापट! यीस्टही झाडावरून, हवेतून आलेले असतेच. मडक्याला लावलेला चुना आंबणे लांबवतो, कायमचे थांबवत नाही. फ्रीजचेही तसेच.

शिवाय आंबलेली नीरा म्हणजे ताडी, आणि गुजरातेत दारूबंदी आहे.

म्हणून नीरा केंद्रावर ताजीच प्यावी. घरी आणलीच तर झाकण सैल ठेवून फ्रीजमध्ये ठेवावी व त्याच सकाळी संपवावी. नातेवाइकांना पाजायची असेल, तर त्यांनाच हिवाळ्यात सुरतेला बोलवावे.