कॅम्परव्हॅन आणि रानातील मुक्काम

कॅम्परव्हॅन म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची व सामान ठेवण्याची सोय असलेले, स्वतःच्या इंजिनावर चालणारे वाहन होय. मोटारीमागे जोडून ओढून न्यायच्या घरगाडीस कॅराव्हॅन म्हणतात. भारतात मात्र हा शब्द दोन्ही प्रकारांसाठी रूढ आहे. अधिकृत तळाबाहेर, म्हणजे शेत, माळ किंवा नदीकाठ अशा ठिकाणी वाहनात रात्र काढणे यास रानातील मुक्काम म्हणता येईल. अशा मुक्कामाची प्राथमिक माहिती या लेखात यवतमाळ जिल्ह्यातील कळंब परिसराच्या उदाहरणाने दिली आहे. येथील काळी जमीन, कडक उन्हाळा आणि शेतांना लागून असलेली जंगले ही परिस्थिती विदर्भाच्या मोठ्या भागात आढळते.

पार्श्वभूमी

बिऱ्हाड बरोबर घेऊन प्रवास करण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ वाहून नेणारे बंजारा तांडे पाणी आणि चराई पाहून तळ टाकत. यवतमाळ जिल्ह्यात बंजारा समाजाची वस्ती आजही मोठी आहे. मेंढपाळ धनगरांचा वाडा शेतकऱ्याच्या संमतीने शेतात बसतो. शेताला खत मिळते आणि मेंढपाळाला मुक्कामाची जागा मिळते. जमीनधारकाशी आधी बोलून मगच उतरायचे, हा या रीतीचा गाभा आहे आणि आधुनिक प्रवाशालाही तोच उपयोगी पडतो.

केवळ हौसेसाठी घरगाडीतून फिरण्याची सुरुवात ब्रिटनमध्ये झाली. विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ मध्ये 'वाँडरर' नावाची घोड्यांनी ओढायची घरगाडी बांधून घेतली. जर्मनीत वेस्टफालिया कंपनीने १९५१ पासून फोक्सवॅगन व्हॅनमध्ये बसवता येणारे झोपण्या-स्वयंपाकाचे सामान तयार केले. १९६० व १९७० च्या दशकांत अनेक तरुण अशा वाहनांतून युरोपातून इराण-अफगाणिस्तानमार्गे भारतात येत. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. पाणी, वीज व सांडपाण्याची सोय असलेले कॅराव्हॅन तळ उभारले जावेत, हा त्याचा एक हेतू आहे.

कळंब परिसर

कळंब हे तालुक्याचे गाव यवतमाळच्या पूर्वेस सुमारे २० किलोमीटरवर, यवतमाळ-वर्धा मार्गावर आहे. तेथील चिंतामणी गणेशाचे मंदिर जमिनीच्या पातळीखाली असून समोर गणेशकुंड आहे. महाराष्ट्रात धाराशिव जिल्ह्यातही कळंब नावाचे तालुक्याचे गाव आहे. मोबाइलवरील नकाशात केवळ 'कळंब' असे लिहिल्यास भलताच मार्ग निघू शकतो. म्हणून जिल्ह्याचे नावही लिहावे.

प्रवासास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ अनुकूल असतो. मे महिन्यात विदर्भात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. उन्हात तापलेल्या पत्र्याच्या वाहनात मुले, वृद्ध किंवा पाळीव प्राणी यांना थोडा वेळही बंद करून ठेवू नये.

परवानगी

मालक नसलेली जमीन ग्रामीण भागात जवळजवळ नसतेच. मोकळे दिसणारे शेत, म्हणजे विदर्भातील वावर, कोणाच्या तरी सातबाऱ्यावर असते. ई-क्लास म्हणून ओळखली जाणारी जमीन शासनाची असून ती गावाच्या चराईसारख्या सामाईक उपयोगासाठी असते. राखीव वनात परवानगीवाचून प्रवेश करणे व आग पेटवणे यांस भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार मनाई आहे. अभयारण्यातील प्रवेशावर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे निर्बंध आहेत.

परदेशांतही ही मोकळीक अमर्याद नाही. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने मोकळ्या जमिनीवर तंबू ठोकून राहण्याचा हक्क मिळतो. पण तो मोटार वाहनांना लागू नाही.

त्यामुळे दिवस मावळण्यापूर्वी किमान दोन तास जागेचा शोध संपवावा. गावात पोहोचल्यावर सरपंच, पोलीस पाटील किंवा शेताचा मालक यांना भेटून आपण किती जण आहोत, कोठून आलो आणि सकाळी केव्हा निघणार हे सांगावे. रात्री अनोळखी वाहन दिसल्यास गावकऱ्यांना चोरीची शंका येणे स्वाभाविक असते. आधी ओळख झालेली असल्यास तेच अडचणीत मदतीला येतात. पहिल्या काही मुक्कामांसाठी कृषी पर्यटन केंद्र, मंदिराचे भक्तनिवास किंवा पेट्रोल पंप यांच्या आवारात परवानगीने थांबणे श्रेयस्कर ठरते.

जमीन व पाऊस

काळी कसदार जमीन पाणी शोषून फुगते आणि वाळल्यावर तिला भेगा पडतात. सायंकाळी टणक वाटलेल्या वावरात रात्रीच्या एका सरीनंतर वाहन रुतू शकते. शेतांमधील पांदण रस्त्यांचीही पावसात तीच स्थिती होते. म्हणून वाहन मुरमाड किंवा खडीच्या जागेवर, डांबरी रस्त्यापासून जवळ आणि तोंड बाहेरच्या दिशेला करून उभे करावे. मळ्यात शिरण्याआधी पायी चालून रस्ता पाहावा. फावडे, मजबूत दोर आणि चाकाखाली घालण्यासाठी फळ्या जवळ ठेवाव्यात.

नाल्याच्या पात्रात किंवा नदीच्या वाळूवर मुक्काम करू नये. वरच्या भागात झालेल्या पावसाने, किंवा धरणातून सोडलेल्या पाण्याने, आकाश निरभ्र असतानाही पात्र भरू शकते. मृगाच्या सुमारास व परतीच्या पावसात विजा पडतात. अशा वेळी झाडाखाली किंवा वाहनाला जोडलेल्या कापडी छताखाली न थांबता, काचा बंद करून, धातूच्या भागांना स्पर्श न करता, पत्र्याच्या वाहनात बसावे.

पाणी

पिण्यासाठी प्रत्येकी रोज किमान ४ ते ५ लिटर आणि स्वयंपाक व धुण्यासह सुमारे १५ लिटर पाणी धरावे. यवतमाळ जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे. पाणी उकळल्याने जंतू मरतात; मात्र फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. त्यामुळे अनोळखी हातपंपाचे पाणी पिण्यापूर्वी गावात चौकशी करावी. शेतातील विहिरीजवळच्या टाक्या, ड्रम व डबे कीटकनाशक मिसळण्यासाठी वापरलेले असू शकतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले होते. शेतातील कोणतेही भांडे पाण्यासाठी घेऊ नये.

हवा, इंधन व वीज

बंद वाहनात शेगडी, कोळसा किंवा जनित्र चालू ठेवून झोपणे हा नवख्या प्रवाशांना असलेला सर्वांत मोठा धोका आहे. अपुऱ्या हवेत इंधन जळाल्यावर कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग वा वास नसतो आणि झोपेतील माणसाला जाग न येता मृत्यू येऊ शकतो. वातानुकूलनासाठी रात्रभर इंजिन चालू ठेवल्यानेही असे मृत्यू झाले आहेत. स्वयंपाक शक्यतो वाहनाबाहेर करावा, झोपताना हवेची दोन विरुद्ध बाजूंची तोंडे उघडी ठेवावीत आणि या वायूची सूचना देणारे यंत्र बसवावे. स्वयंपाकाचा वायू हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो तळाशी साचतो. म्हणून सिलिंडर उभा व घट्ट बांधलेला असावा आणि त्याच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारे छिद्र असावे.

विजेचा हिशेब आधी करावा. १२ व्होल्ट व १०० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत सुमारे १.२ युनिट वीज मावते. तिच्यावर दिवे व छोटा पंखा रात्रभर चालतात. दीड किलोवॅटचे वातानुकूलन यंत्र मात्र तासभरही चालत नाही. वाहनाच्या रचनेत बदल करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे निर्बंध लागू होतात. त्यामुळे व्हॅनचे घरगाडीत रूपांतर करण्याआधी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करावी.

वन्यप्राणी, साप व तारा

जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात वाघ आहेत आणि ते अभयारण्याबाहेरही वावरतात. कळंबलगतच्या राळेगाव तालुक्यात व पांढरकवडा भागात 'अवनी' म्हणून ओळखल्या गेलेल्या टी-१ वाघिणीचा १३ जणांच्या मृत्यूंशी संबंध जोडला गेला होता. २ नोव्हेंबर २०१८ रोजी तिला ठार करण्यात आले. या भागात उघड्यावर किंवा तंबूत झोपू नये, अंधारात एकट्याने शौचास जाऊ नये आणि मांस-मासळीचे उरलेले अन्न बाहेर टाकू नये.

रानडुकरे व रोही यांच्यापासून पीक वाचवण्यासाठी शेताच्या धुऱ्यावर तारा लावलेल्या असतात. काही ठिकाणी बेकायदेशीरपणे त्यांत थेट वीज सोडली जाते आणि तिच्या धक्क्याने माणसेही दगावतात. रात्री वावरातून चालू नये व कोणत्याही तारेला हात लावू नये. मण्यार हा विषारी साप रात्री हिंडतो आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावतो. झोपण्याची जागा उंच असणे हा वाहनाचा फायदा आहे. मात्र दार उघडे ठेवू नये आणि बाहेर काढलेले बूट झटकून घालावेत.

आग व कचरा

फेब्रुवारी ते जून हा वणव्यांचा काळ आहे. वाळलेले गवत, कापूस वेचून झालेली पऱ्हाटी व शेतातील गंजी एका ठिणगीने पेटतात आणि शेतकऱ्याचे वर्षाचे उत्पन्न जाते. म्हणून शेकोटी टाळावी. सांडपाणी विहीर व नाल्यापासून दूर ओतावे. प्रवासी शौचपात्र शौचालयातच रिकामे करावे. ते शक्य नसल्यास पाण्यापासून किमान ६० मीटरवर १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा खणून मैला बुजवावा. प्लॅस्टिक गुरांच्या पोटात जाते; ते सर्व परत न्यावे.

आपत्कालीन मदत

संकटात ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि वन्यप्राणी किंवा वणव्याबाबत वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर संपर्क साधता येतो. अनेक ठिकाणी मोबाइलचा संपर्क तुटतो. म्हणून मुक्कामाची जागा घरच्यांना आधीच कळवावी आणि यजमान शेतकऱ्याचा क्रमांक कागदावर लिहून ठेवावा. सर्पदंश झाल्यास जखम कापू वा चोखू नये. रुग्णाला न चालवता, दंशाचा अवयव स्थिर ठेवून थेट शासकीय रुग्णालयात न्यावे. यवतमाळ येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे.