ज्वारीची रास आणि गोठवलेली नाळ

नाळ पुरली तिथं जीव ओढतो, असं आपण म्हणतो. आता तीच नाळ न पुरता द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत जपा, असं होणाऱ्या आईबापांना सांगितलं जातं. नाळेतल्या रक्तवाहिन्यांभोवतीच्या लिबलिबीत गराला व्हार्टन जेली म्हणतात. त्यातल्या मूळपेशींपासून हाड, कूर्चा, चरबी तयार होऊ शकते, रक्त नाही. रक्त घडवणाऱ्या पेशी नाळेतल्या रक्तात असतात. १९८८ मध्ये पॅरिसला पहिलं रोपण झालं ते त्या रक्ताचं, आणि तेही आजारी मुलाला त्याच्या नवजात बहिणीचं. गोठवलेल्या गरातून पेशी मिळवणं तर आणखी किचकट. गोठवताना पेशींना जपणारं द्रावण त्या दाट गरात सारखं मुरत नाही; जिथं मुरत नाही तिथं बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात. वितळलेले तुकडे ताटलीत ठेवून पेशी बाहेर सरकण्याची वाट पाहायची, किंवा विकरानं गर विरघळवायचा, आणि मग हाती आलेल्या पेशी कित्येक दिवस वाढवायच्या. ताज्या नाळेपेक्षा त्या सहसा कमीच निघतात. म्हणजे जपलं जातं ते औषध नव्हे, कच्चा माल.

वर्ध्यासारख्या जिल्ह्यात नाळ जपावी का, हा प्रश्न जास्त बोचतो, कारण विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार अनेक घरांत आहे. रोपणानं तो बरा होऊ शकतो. पण आजारी बाळाच्या स्वतःच्या नाळेत तेच सदोष जनुक असतं आणि नाळेचा गर रक्त बनवतच नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी परवानगी दिली ती फक्त नाळेतलं रक्त साठवायला.

उद्या उपचार निघाले तर, असं कुणी विचारेल. ती आशा खोटी नाही. पण डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत नाळेच्या गरातल्या मूळपेशींच्याच जातीच्या पेशींचं पहिलं औषध मंजूर झालं, ते परक्या दात्यांच्या अस्थिमज्जेतून केलेलं आहे. मग प्रत्येक घराची वेगळी कोठी कशाला? सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाभोवतालच्या गावांनी सुगीला ज्वारी गोळा करून आरोग्यविमा चालवला होता. रास सगळ्यांची, उपयोग ज्याला गरज त्याला. रोपणाच्या पेशींनाही हाच हिशेब लागू पडतो. पैसा आमचा, निर्णय आमचा, हे आईबापांचं म्हणणं मला मान्य आहे. मात्र तो निर्णय प्रसूतीच्या धास्तीत सही घेऊन होऊ नये. सिकलसेलचं मूल असलेल्या आईला पुन्हा दिवस गेले असतील, तर येणाऱ्या भावंडाच्या नाळेतलं रक्त जपावं का, हे तिनं रक्तविकारतज्ज्ञाला प्रसूतीच्या बरंच आधी जरूर विचारावं.